सोसायटीच्या भिंतीवरून बिबट्या उतरला, आता पिंजरा लावायचा का?

कारवी

गेल्या आठवड्यात मुलुंडला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आमच्या एका शेजारच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. पहाटे भिंतीवरून उतरला, पार्किंगमधून चालत कचऱ्याच्या डब्यांपाशी आला, थोडा थांबला आणि आल्या वाटेने परत गेला. सकाळी व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला आणि दुपारी सह्यांची मोहीम सुरू झाली. मागणी अशी, की वनखात्याने पिंजरा लावून त्याला पकडावं आणि 'लांब जंगलात' सोडावं. कागद माझ्याकडेही आला. मी सही केली नाही. कारण सविस्तर लिहिते, म्हणजे इथे ज्यांच्या सोसायट्यांमध्ये असाच कागद फिरतो आहे त्यांना उपयोग होईल.

आधी हे जंगल डोळ्यांसमोर आणा. जेमतेम १०३ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवलीपासून गोरेगावपर्यंतची उपनगरं, पूर्वेला भांडुप, मुलुंड, ठाणे, दक्षिणेला आरे. उत्तरेला घोडबंदर रस्ता ओलांडला की नागला बंदरचा तुकडा, त्यापुढे वसईची खाडी आणि खाडीपल्याड तुंगारेश्वर. आत विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) ही तळी, ज्यांचं पाणी मुंबई आजही पिते. पुष्कळांना उद्यान म्हटलं की सफारीची बस आठवते, पण तिथले वाघ-सिंह कुंपणातले आहेत. रानात मोकळा फिरणारा सर्वांत मोठा शिकारी म्हणजे बिबट्या. त्याच्या जोडीला चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानरं, उदमांजर, तळ्यांमध्ये मगरी. आणि वाघाटी, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, दीड किलोच्या आतबाहेर वजनाची. ती इथे आहे हे उद्यानाच्या भिंतीला खेटून राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

बिबटे मोजतात कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधायचे, कारण एकाच बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. २०१५ मध्ये वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांच्या अभ्यासात ३५ बिबटे ओळखले गेले. २०१८ मध्ये ४७. उद्यानालगतचा भागही धरून काढलेली घनता १०० चौरस किलोमीटरला सुमारे २६ बिबटे. इतकी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली आहे.

याचा अर्थ असा, की आपल्या भिंतीपलीकडे बिबट्या नाही अशी रात्रच नसते. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून तो आहे. नवीन आहे तो कॅमेरा.

आता 'लांब सोडा' या मागणीकडे येते. हा उपाय करून झालेला आहे, आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास पाहा. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. २००१ ते २००३ मध्ये शेतांतून चाळीसहून जास्त बिबटे पकडून आसपासच्या जंगलांत सोडले गेले. त्या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली, आणि ते जीवघेणेही जास्त झाले. जिथे सोडले त्या जंगलांच्या कडेलाही हल्ले होऊ लागले. मुंबईत याच सुमाराला, २००२ ते २००४ मध्ये, उद्यानाभोवती फार वाईट दिवस आले. २००४ च्या जूनमध्ये तर बिबट्यांच्या हल्ल्यांत पाठोपाठ माणसं गेली. त्या वर्षांत बाहेर पकडलेले बिबटे याच उद्यानात आणून सोडले जात होते.

असं का होतं? बिबट्याची हद्द ठरलेली असते. त्याला कुठे पाणी, कुठली गल्ली कधी सामसूम होते, कुठल्या वाटेने माणसं जातात, हे सगळं माहीत असतं. आपण त्याला डांबतो, माणसांच्या गलक्यात ट्रकवर चढवतो आणि दुसऱ्या बिबट्याच्या हद्दीत, अनोळखी रानात सोडतो. तो बिथरलेला, उपाशी, पुष्कळदा जखमी असतो आणि घराकडे निघतो. वाटेत येणारी गावं त्याच्या ओळखीची नसतात. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द काही महिन्यांत एखादा तरणा नर किंवा मादी धरते. नवा बिबट्या अननुभवी. म्हणजे आपण माणसांना टाळायला शिकलेला घालवला आणि न शिकलेला बोलावला.

'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ हा म्हातारा नर विहिरीत पडला. बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो महिन्याभरात शंभराहून अधिक किलोमीटर चालला. कसाऱ्याजवळचा रेल्वेमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईचा कारखान्यांचा पट्टा, सगळं ओलांडून खाडी पोहून आपल्या उद्यानात आला. वाटभर वस्त्या होत्या, एकाही माणसाला त्याने ओरखडा काढला नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली. ज्याला आपण लांब सोडतो तो काय काय ओलांडून चालत असतो, हे आपल्याला त्याच्या पट्ट्यामुळे कळलं.

२०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांनी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू केला आणि पिंजऱ्याऐवजी वस्त्यांशी बोलण्यावर भर दिला. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नये, असं त्यांत स्पष्ट आहे.

म्हणून मी सही केली नाही. तुमचे अनुभव लिहा. विरोधातलेही.


डोंगरपायथा

+१. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत हीच चर्चा झाली होती. धागा छापून नोटीस बोर्डावर लावतो, चालेल ना?


स्नेहल७९

कारवी, मी त्याच सोसायटीत राहते आणि मी सही केली आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं खरं मानते. पण माझी मुलगी सहा वर्षांची आहे. संध्याकाळी सातला ती ज्या जागी सायकल चालवते, त्याच जागेवरून तो चालत गेला. आकडे वाचून माझी भीती जात नाही. त्याला पकडू नका म्हणता, तर मग मी काय करू ते सांगा. आजपासून, उद्या सकाळपासून काय करू?


कारवी

स्नेहलताई, प्रश्न अगदी योग्य आहे. भीती वाटलीच पाहिजे, तिच्यामुळेच आपण काळजी घेतो. सांगते.

सर्वांत आधी कचरा. तो व्हिडिओ पुन्हा बघा. बिबट्या डब्यांपाशी थांबला तेव्हा डब्यांमागून दोन कुत्री पळताना दिसतात. उघडा कचरा आला की कुत्री येतात, कुत्री आली की बिबट्या येतो. उद्यानातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात आतल्या भागात हरणं आणि डुकरं जास्त सापडतात, कडेला कुत्री. २०१८ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाचा अंदाज होता, की इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात. डबे झाकणाचे करा, कचरा रात्री बाहेर राहू देऊ नका, पार्किंगमध्ये कुत्र्यांना खायला घालणं बंद करा. हे शेवटचं बोललं की आमच्याकडे भांडणं होतात, पण बोलायला हवं.

मग मुलं. काळोख पडल्यावर मुलीला एकटं सोडू नका, मोठं माणूस हाताशी हवं. बिबट्याच्या नजरेत उभं मोठं माणूस हे भक्ष्य नसतं. लहान मूल किंवा खाली बसलेला माणूस मात्र उंचीने त्याच्या नेहमीच्या शिकारीएवढाच दिसतो. सायकलची वेळ सूर्यास्ताआधी आणा.

भिंतीलगतची झुडपं आणि पडीक सामान काढून टाका, मागच्या बाजूला दिवे लावा. रात्री त्या बाजूला जायचं असेल तर बोलत जा किंवा मोबाइलवर गाणी लावा. त्याला तुमची चाहूल लागली की तो स्वतः बाजूला होतो.

आणि दिसलाच तर पळू नका, वाकू नका, मुलाला उचलून घ्या आणि त्याला जायला वाट ठेवून सावकाश मागे सरका. घेराव, दगड, फोटोसाठी धावाधाव हे सगळं फार धोक्याचं. अपघात बहुतेक वेळा गर्दीत होतात. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.


पाड्यावरचा

मी आरेतल्या एका पाड्यावर राहतो. आम्ही वारली. माझा आजा इथेच जन्मला.

सोसायटीवाल्यांना बिबट्या कॅमेऱ्यात दिसतो, आम्हाला पाण्याला जाताना दिसतो. आमच्याकडे वाघोबा आहे. लाकडावर नाहीतर दगडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला त्याची पूजा होते. कोंबडा, नारळ देतो. पूजेत त्याला सांगतो, की तू तुझ्या वाटेने, आम्ही आमच्या वाटेने. माझी आई अंधारात बाहेर पडताना अजून त्याचं नाव घेते. यावर आता अभ्यासकही येऊन लिहून गेले आहेत.

पण कोणी असं समजू नये की देव मानतो म्हणून आम्हाला काही होत नाही. २०२१ च्या पावसाळ्याच्या शेवटी आरेत पाठोपाठ हल्ले झाले. एका बाईंनी हातातल्या काठीने बिबट्याला हुसकावलं तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. २०२२ च्या दिवाळीत दीड वर्षाची पोर गेली. त्या पहाटे आरेतल्या प्रत्येक घरात आपापलं पोर छातीशी धरून बसले होते. तेव्हा पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. त्या वेळी पिंजरा लावू नका असं आमच्यातल्या कोणी म्हटलं नाही, मीही नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्या काही पाड्यांना अजून घरात संडास नाही. रात्री बाईमाणूस, पोरं झाडीकडे जातात. रस्त्याला दिवा नाही. बाहेरून लोक येऊन मटणाचा, हॉटेलाचा कचरा टाकून जातात. तुमच्या सोसायटीत बिबट्या पार्किंगमधून फिरून गेला की टीव्हीवर बातमी येते. संडासाचा अर्ज वर्षानुवर्षं फिरत राहतो त्याची बातमी होत नाही. बिबट्याबरोबर राहायचं म्हणता ना, राहतोच आहोत. आमच्यासाठी एवढं मागा.


कारवी

पाड्यावरचा, तुम्ही हे लिहिलंत म्हणून हा धागा काढल्याचं सार्थक झालं. २०२२ सारखी वेळ आली, एखादा ठरावीक प्राणी माणसांवर जातो आहे अशी खात्री पटली, तर त्याला पकडलंच पाहिजे. पकडून परत कुठेही सोडता कामा नये. माझा विरोध 'दिसला, पकडा, लांब सोडा' याला आहे. संडास आणि दिव्यांच्या मागणीचं पत्र आमच्या सह्यांच्या मोहिमेत घालता येईल का, हे रविवारच्या बैठकीत विचारते. भिंतीच्या या बाजूच्या लोकांनी ते मागितलं तर वजन येईल.


गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, नाशिक भागात बिबटे बेशुद्ध करण्याच्या कामात अधूनमधून जावं लागतं. पिंजऱ्याबद्दल दोन गोष्टी.

पिंजऱ्यात कोण शिरलं हे पिंजऱ्याला कळत नाही. बकरी किंवा कोंबडी आत बांधलेली असते. हद्दीतला कुठलाही बिबट्या येईल, पुष्कळदा पोरवयाचा येतो. ज्याची तक्रार होती तोच सापडला असं छातीठोक सांगायचं तर आधी कॅमेऱ्याचे फोटो हवेत आणि मग ठिपके जुळवावे लागतात.

दुसरं म्हणजे दात. अडकल्यावर बिबट्या रात्रभर गजांना चावतो. सुळे तुटलेले, नखं उखडलेली, कपाळ सोललेलं, अशी जनावरं मी पाहिली आहेत. सुळा तुटलेल्या बिबट्याला हरीण मारणं अवघड होतं. अशाला मोकळं सोडलं तर तो सोपी शिकार शोधणार. आणि नाही सोडलं तर जन्मभर कोंडून ठेवायचं. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात असे कितीतरी बिबटे आयुष्यभरासाठी आहेत. पिंजऱ्यावर सही करताना हे दोन्ही शेवट माहीत असावेत.


ओतूरकर

कारवीताई, तुमचं लिखाण वाचलं. जुन्नरचे आकडे दिलेत, बरोबर आहेत. पण जुन्नरचा माणूस काय म्हणतो तेही ऐका, राग मानू नका.

तुमच्याकडं जंगल आहे आणि त्याच्या कडेला बिबट आहे. आमच्याकडं जंगलाचा प्रश्नच नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, ही धरणं झाली, कुकडीचं पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत गारवा, पाणी, आडोसा, भोवती शेरडं, कोंबड्या, कुत्री, डुकरं. मादी उसातच विते. तिथं जन्मलेल्या पिल्लानं आणि त्याच्या आईनं कधी डोंगर बघितलेला नसतो. त्याला 'जंगलात परत न्या' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, की बाबांनो, कुठलं जंगल?

तोड लागली की एका दिवसात त्याचं घर जातं. तोडीला आलेली माणसं बीड-नगरची. कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उसाच्या कडेलाच, पोरं बांधावर निजवलेली. आमच्याकडची जी मुलं गेली त्यात या लोकांची मुलं आहेत, मेंढपाळांची आहेत. सरकारनं माणूस गेल्यावरची मदत २५ लाख केली. पैसा मिळतो, मूल मिळत नाही.

आणि वीज. मोटारीला वीज रात्री येते तर पाणी रात्रीच द्यावं लागतं. वाकून बारं मोडायचं, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी पुढच्यात वळवायचं, हातात बॅटरी, पाठीमागं ऊस. तुम्हीच लिहिलंय की वाकलेला माणूस त्याला शिकारीसारखा दिसतो. मग आम्हाला दिवसा वीज द्या, ही मागणी बिबट्याच्या प्रश्नातली पहिली मागणी आहे. मी गळ्याभोवती खिळ्यांचा पट्टा घालून पाणी धरणारी माणसं बघितलीत.

आमच्या गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात सगळे पकडा. काही म्हणतात नसबंदी करा. मी स्वतः पकडून दुसऱ्याच्या दारात सोडण्याच्या विरोधात आहे, कारण दुसऱ्यांनी पकडलेले आमच्या दारात सुटले ते दिवस आम्ही काढलेत. पण संख्या वाढली आहे, तिचं काय करायचं याला मुंबईच्या लोकांनी 'सहजीवन' एवढंच उत्तर देऊ नये. बंदिस्त गोठा बांधायला पैसा लागतो.


स्नेहल७९

ओतूरकर दादा, तुमचं वाचून गलबलून आलं. खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जायचं, ही कल्पनाच करवत नाही.


ओतूरकर

ताई, पट्ट्याचं एवढं नाही, सवय होते. गोठा बंदिस्त केल्यापासून माझी एकही शेळी गेली नाही, हे पण लिहायचं राहिलं. जाळी वरूनही मारायची. भिंत उंच केली आणि वर उघडं ठेवलं तर तो आत उतरतो आणि सगळा कळप मारतो.


ठाणे_पूर्वरंग

सगळे हल्ल्यांबद्दल बोलत आहेत. मी गाड्यांबद्दल बोलतो, कारण रोज घोडबंदर रस्त्यावरून जातो.

हा रस्ता उद्यान आणि नागला बंदर यांच्या मधून जातो. तुंगारेश्वरकडून येणाऱ्या, तिकडे जाणाऱ्या प्रत्येक जनावराला तो ओलांडावा लागतो. १०३ चौरस किलोमीटरमध्ये एवढे बिबटे आहेत, तर तरण्या नरांना बाहेर पडायला वाट हवीच. ती तुटली तर आतल्या आत नात्यातच वीण होत राहील. पट्टे लावलेल्या बिबट्यांच्या नोंदींवरून ते रस्ते आणि खाड्या ओलांडतात हे आता पक्कं आहे. पण एकेका ओलांडण्यात जीव पणाला लागतो.

करता येतं हे पेंचने दाखवलं आहे. नागपूर-जबलपूर रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंच व्याघ्र प्रकल्पातून जातो. कोर्टकचेरीनंतर तिथे जनावरांसाठी ९ मोकळ्या जागा रस्त्याखाली ठेवल्या. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले तर १८ जातींचे प्राणी खालून जाताना सापडले, वाघसुद्धा. घोडबंदरला रस्ता रुंद करताना हाच विचार पहिल्या आराखड्यात हवा, नंतर ठिगळ लावून होत नाही. उद्यानाखालून होणाऱ्या ठाणे-बोरिवली बोगद्यामुळे वरची झाडं वाचतील असं म्हणतात. मला त्याच्या दोन्ही तोंडांची काळजी जास्त आहे, कारण तिथे दिवसरात्र उजेड आणि वर्दळ राहणार आणि जनावरांच्या कडेच्या वाटा तिथेच आहेत.

रात्री त्या रस्त्यावर असाल तर वेग कमी ठेवा. आपल्यापैकी प्रत्येकाला आजच्या आज करता येईल ते हेच.


डोंगरपायथा

ठाणे_पूर्वरंग, बोगद्याच्या तोंडांबद्दल स्वतंत्र धागा काढा ही विनंती. त्यावर बोलण्यासारखं बरंच आहे.


स्नेहल७९

काल आमची बैठक झाली. झाकणाचे डबे आणि मागच्या भिंतीचे दिवे एकमताने मंजूर झाले. कुत्र्यांना खायला घालण्यावरून वाद झाला, ते राहिलं. सह्यांचा कागद मागे घ्यायचा का, यावर समसमान मतं पडली. मी माझी सही काढून घेतली. पाड्यांवरच्या संडासांचं पत्र मी आणि कारवी मिळून लिहितो आहोत, पाड्यावरचा यांनी मजकूर बघून द्यावा.

एक विचारायचं होतं. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवत खूप वाढलं आहे आणि वॉचमन म्हणतो तिथून पिल्लासारखा आवाज येतो. मांजर असेल, पण नसलं तर?


गुरांचा_डॉक्टर

आत कोणी जाऊ नका आणि वॉचमनलाही जाऊ देऊ नका. मादी जवळ असेल तर ती पिल्लांसाठी अंगावर येईल. आत्ताच १९२६ ला फोन करून जागा नीट सांगा.

पिल्लं बिबट्याचीच निघाली तरी घाबरू नका. उसाच्या पट्ट्यात तोडीच्या दिवसांत हे नेहमी होतं आणि तिथली पद्धत चांगली बसली आहे. पिल्लं तपासतात, मग अंधार पडायच्या सुमाराला ती सापडली त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. बहुतेक वेळा आई रात्रीत येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. म्हणून जागा बदलायची नाही, हात लावायचा नाही, गाईचं दूध पाजायचं नाही, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. फोटो गेला की गर्दी येते आणि गर्दी असेपर्यंत आई येत नाही. पिल्लं कायमची उचलून नेली तर ती दिवसचे दिवस त्याच जागी शोधत फिरते, आणि तेव्हा ती मागच्या प्लॉटमध्ये असणं तुम्हाला परवडणार नाही.

गवत आज कापू नका. वनखात्याची माणसं बघून गेल्यावर, दिवसाउजेडी कापा.


ओतूरकर

डॉक्टर म्हणतात तसंच. आमच्या शेतात दोन वेळा आई नेऊन गेली. एकदा पहिल्या रात्री आली नाही, दुसऱ्या रात्री आली. तेव्हा एक रात्र गेली म्हणून घाई करू नका.